आधी शिस्त, मग गती




शाळेचे इंटरनेट हळू चालते, म्हणून दुप्पट गतीचे कनेक्शन घ्यावे, अशी सूचना सध्या सर्व बाजूंनी येत आहे. सूचना चांगल्या हेतूची आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. खर्च वाढवण्यापूर्वी आहे त्या कनेक्शनवर कोणाला आधी वाट द्यायची, याचा नियम आपण ठरवला पाहिजे. संगणकाच्या भाषेत याला ‘क्वालिटी ऑफ सर्व्हिस’ म्हणतात. मी हिंदी माध्यमातून पदवी घेतलेला माणूस, तेव्हा विषय साध्या शब्दांतच मांडतो.

इंटरनेटवर कोणतीही गोष्ट अखंड जात नाही. चित्र असो, आवाज असो की परीक्षेचा अर्ज, त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. शाळेतील सगळी पॅकेट राऊटरपाशी येऊन रांगेत उभी राहतात आणि जो आधी आला तो आधी जातो. वरवर हा न्याय वाटतो, पण सगळ्यांची गरज सारखी नसते.

आवाजाचे उदाहरण घ्या. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज पाठवायला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. पॅकेटवरचा पत्ता वगैरे धरून साधारण ८०. आजच्या कनेक्शनच्या मानाने हे अगदी किरकोळ आहे. मात्र तो वेळेवर पोचला पाहिजे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर संभाषण सुरळीत होते. फार उशिरा आलेले पॅकेट टाकूनच द्यावे लागते, कारण बोलणे पुढे गेलेले असते. याउलट, मोठ्या फाइलचे हरवलेले पॅकेट पुन्हा मागवता येते आणि फाइल दोन मिनिटे उशिरा मिळाली तरी काही बिघडत नाही. म्हणजे थोडे मागणारा घाईत असतो आणि खूप मागणारा थांबू शकतो. अशा दोघांना एकाच रांगेत उभे करणे हीच खरी अडचण आहे.

मग गती वाढवून भागणार नाही का? काही अंशी भागेल. पण फाइल उतरवण्याची पद्धतच अशी आहे की ती वाट भरेपर्यंत वेग वाढवत जाते. मोठी वाटही काही काळ भरतेच, आणि त्याच वेळी वर्गातील व्हिडिओ अडखळतो.

नुसत्या तारेने काम होत नाही, हे जगाने १९८६ सालीच पाहिले. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातील सुमारे ४०० यार्डांच्या मार्गावर वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावर उपाय मांडला: पॅकेट हरवू लागली, की पाठवणाऱ्याने स्वतःहून हात आखडता घ्यावा. पुढे १९९८ मध्ये पॅकेटवर त्याच्या प्रकाराची खूण करण्याची पद्धत ठरली. या खुणेला ६ बिटांची जागा आहे, म्हणजे ६४ प्रकारच्या खुणा करता येतात.

काहींना शंका येईल, एकाला राखीव वाट दिली तर बाकीच्यांचे काय? आपल्या इंदूरचा बीआरटीएस मार्ग आठवा. २०१३ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. बस नसेल तेव्हाही ती जागा इतरांना बंद, ही लोकांची तक्रार होती. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो मार्ग काढण्यास मंजुरी दिली. नेटवर्कमध्ये असे होण्याचे कारण नाही. घाईचे पॅकेट आले तर ते आधी जाते. ते नसेल तेव्हा पूर्ण वाट इतरांना मोकळी असते.

खरा प्रश्न यंत्राचा नसून माणसांचा आहे. प्रत्येकाला आपलेच काम तातडीचे वाटते. सगळ्यांनीच तातडीची खूण लावली, तर ती लावून उपयोग काय? आणि वाटणारा जर ओळख पाहून वाटू लागला, तर ‘अंधा बाँटे रेवड़ी, फिर-फिर अपनों को दे’ असे व्हायचे. म्हणून प्राधान्य हुद्द्याला नको, कामाच्या प्रकाराला हवे. मुख्याध्यापकांच्या खोलीतला संगणक केवळ त्या खोलीत आहे म्हणून पुढे जाता कामा नये.

माझा प्रस्ताव असा. पहिला मान वर्गातील थेट आवाज व व्हिडिओला आणि ऑनलाइन परीक्षेला. त्यानंतर कार्यालयाचे अर्ज व संगणक कक्षातील वाचन. सॉफ्टवेअरचे अपडेट व कॅमेऱ्यांच्या चित्रफितींची साठवण शाळा सुटल्यावर. पहिल्या वर्गालाही एक कमाल मर्यादा असावी आणि ग्रंथालयात बसलेल्या विद्यार्थ्यासाठी थोडा वाटा नेहमी राखलेला असावा, म्हणजे कोणाचेही काम पूर्ण अडणार नाही. नियम लेखी असावा व सूचना फलकावर लावलेला असावा.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आपली खूण शाळेच्या राऊटरपर्यंत चालते. बाहेरच्या जाळ्यात ती मानली जाईलच असे नाही. शिवाय, नियम लावल्याने वाट रुंद होत नाही. महिनाभर मोजणी करून ती दिवसभर भरलेलीच दिसली, तर मोठे कनेक्शन घेण्यास माझा पाठिंबा राहील.

हा भेदभाव आहे का, असे वरच्या वर्गातील विद्यार्थी विचारतील, आणि त्यांनी विचारावेच. ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून डेटाचे वेगळे दर लावण्यास मनाई केली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचे तत्त्व स्वीकारले. कंपनीने पैसे घेऊन एका संकेतस्थळाला पुढे ढकलणे वेगळे, आणि एका कुटुंबाने आपसांत ठरवून आजारी माणसाला आधी वाढणे वेगळे. आपला नियम दुसऱ्या प्रकारचा असला पाहिजे.

विश्वस्तांना विनंती, की येत्या बैठकीत कनेक्शनच्या दरपत्रकाआधी हा नियम चर्चेला घ्यावा. पालकांनी आपल्या घरच्या राऊटरमध्येही अशी सोय आहे का, ते पाहावे. मुलाचा वर्ग आणि वडिलांची मीटिंग एकाच वेळी असते, तेव्हा ती उपयोगी पडते. आणि विद्यार्थ्यांनो, नियमात काही उणे वाटले तर लेखी कळवा. तुमच्या सूचनेलाही रांगेत योग्य जागा मिळेल.

आपला,
प्राचार्य