मालकाचा विमा आणि आपली जबाबदारी

वारंगा फाट्याच्या एका भगिनीनं पत्रातून विचारलं आहे, "आमचं चहा-नाश्त्याचं हॉटेल भाड्याच्या गाळ्यात आहे. गाळ्याचा आगीचा विमा मालकानं उतरवलेला आहे. मग आम्ही निर्धास्त राहायला हरकत नाही ना?"

हरकत आहे, बाई! नांदेड-हिंगोली रस्त्यावरचा हा फाटा. दिवसभर गाड्यांची ये-जा, पहाटेपासून पेटलेली शेगडी, तेलाची कढई आणि गाळ्याला खेटून गाळा. पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ज्यांच्या घरची चूल भाड्याच्या दुकानावर पेटते, त्या आपल्यापैकी सगळ्याजणींचा आहे.

पहिली गोष्ट, मालकाच्या विम्यात त्याच्या भिंती आणि छप्पर येतं. तुमचा फ्रीज, टेबलं, भांडी, किराणा त्यात येत नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ असं सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर भाडेकरूनं जागा घेतली तशी चांगल्या स्थितीत परत करायची. सूट फक्त नेहमीच्या झिजेला आणि माणसाच्या आवाक्याबाहेरच्या संकटाला. वीज कोसळली तर गोष्ट निराळी. पण पेटत्या शेगडीवर कढई ठेवून कुणी बाहेर गेलं, तर तो हलगर्जीपणा. अशा वेळी विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि मग मालकाच्या जागी उभी राहून ती रक्कम तुमच्याकडे मागू शकते. मालकाचं भरून निघालं, वसुली मात्र तुमच्या दारी!

इंग्लंडमध्ये १९८५ साली बर्नी इन्स या भाडेकरू कंपनीचा असाच खटला अपील न्यायालयात गाजला. आग भाडेकरूच्याच हलगर्जीपणाची. पण विम्याच्या खर्चातला वाटा तो भरत होता आणि विम्याच्या पैशातून इमारत पुन्हा उभारायची, असं करारात होतं. हा विमा दोघांच्याही हिताचा आहे, असं मानून न्यायालयानं वसुली नाकारली. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण धडा घेण्याजोगा खचितच आहे. तेव्हा करार करताना एवढं पाहा :

१. विमा कोण उतरवणार, हप्ता कोण भरणार आणि विम्याच्या पैशातून गाळा पुन्हा बांधला जाईल, हे स्पष्ट लिहून घ्या.

२. विम्यातून भरून निघालेलं नुकसान भाडेकरूकडून वसूल करायचं नाही, ही अट करारात घाला. मालकाकरवी विमा कंपनीला कळवून पॉलिसीतही तशी नोंद करून घ्या. पॉलिसीची नक्कल घरी ठेवा.

३. आपल्या मालाचा विमा आपण वेगळा उतरवा. एका ठिकाणच्या ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी मिळते. हप्ता वाचवायला किंमत कमी सांगू नका. चार लाखांचा माल दोन लाखांचा दाखवलात, तर भरपाईही निम्म्याच प्रमाणात मिळेल.

४. हॉटेलात घरगुती सिलिंडर वापरू नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि आग लागल्यावर तेच तुमच्यावर उलटेल. धंद्यासाठी १९ किलोचा व्यापारी सिलिंडरच घ्या.

आणखी एक. गाळा जळाला म्हणून भाडेकरार आपोआप संपत नाही. जागा कायमची निरुपयोगी झाली, तर करार संपवायचा की नाही हे भाडेकरूनं ठरवायचं. मात्र आग त्याच्या चुकीची असेल तर ही मुभा नाही. संपवायचा असेल तर मालकाला तसं लेखी कळवा, नाहीतर भाडं चढत राहील. इमारत पडली तरी भाडेकरूचा हक्क जात नाही, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं आहे.

"कागदपत्रं हे बघतात" असं म्हणून आपण बाजूला होतो. ते आता पुरे. दुकानात तुमचे कष्ट आहेत, कदाचित दागिनेही गेलेले असतील. सही होण्याआधी करार एकदा स्वतः वाचा, शंका वाटली तर वकिलाला विचारा. तेवढी फी जळालेल्या दुकानापुढे काहीच नाही.