पेटी सुखरूप, कुलूप तेवढे बदललेले



जुना संगणक मंद चालू लागला की त्यात नवी एसएसडी बसवून घ्यावी, ही रीत आता उल्हासनगरच्या कॅम्पांतील दुकानांपासून अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतील कार्यालयांपर्यंत सर्वत्र रूढ झाली आहे. खर्च बेताचा आणि लाभ मोठा, तेव्हा त्यात गैर काहीच नाही. परंतु या कामाच्या ओघात पुष्कळदा कोणीतरी बायोसमध्ये शिरून ‘साटा मोड’ हा पर्याय बदलतो आणि पुढच्या खेपेस संगणक सुरू करताच निळा पडदा समोर येतो. त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ अशी अक्षरे असतात. संगणक आपोआप बंद-चालू होत राहतो. विंडोज मात्र उघडत नाही. अशा वेळी कारागीर सहज म्हणून जातो, “शेठ, फॉरमॅट मारावं लागेल.” घाबरलेला व्यापारी होकार देतो आणि काही वर्षांचा रोजमेळ, खतावणी व उधारीची यादी अर्ध्या तासात पुसली जाते.

तो होकार देण्याची बहुतेक वेळा काहीही आवश्यकता नसते.

हार्डडिस्कशी संवाद साधण्याच्या संगणकाकडे दोन-तीन पद्धती असतात. एक जुनी, आयडीई. दुसरी एएचसीआय, जिचा आराखडा इंटेलच्या पुढाकाराने २००४ साली पुढे आला. तिसरी रेड, काही कंपन्यांचे संगणक कारखान्यातूनच या पद्धतीवर लावून येतात. प्रत्येक पद्धतीला विंडोजचा निराळा ड्रायव्हर लागतो. विंडोज बसवताना जी पद्धत चालू असेल तिचाच ड्रायव्हर आरंभी जागा होतो, बाकीचे निजलेले राहतात. आपण बायोसमध्ये पद्धत बदलली, पण विंडोजला त्याची वर्दीच नाही. बँकेची तिजोरी दोघांच्या दोन चाव्यांनी उघडते, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. रात्री कुलूप बदलले आणि नवी चावी अधिकाऱ्याच्या हाती दिलीच नाही, तर सकाळी तिजोरी उघडणार नाही. आतील रोकड मात्र एका पैशानेही उणी झालेली नसते. येथेही तसेच आहे.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा: जे बदलले ते पूर्ववत करावे. संगणक सुरू होताना कंपनीनुसार डिलीट, एफ २ किंवा एफ १० ही कळ दाबून बायोस उघडावे, साटा मोड पूर्वी होता तोच निवडावा, जतन करून बाहेर पडावे. पूर्वी कोणता होता हे स्मरत नसल्यास एकेक पर्याय लावून पाहता येतो; एवढ्याने माहिती पुसली जात नाही. मात्र दोन डिस्क खरोखरच जोडून रेड केलेली असेल, तर असा प्रयोग करू नये आणि ‘इनिशिअलाइज’ किंवा नवा ॲरे तयार करण्याविषयी पडद्यावर विचारणा झाल्यास कदापि होकार देऊ नये. तेथे जाणकारच हवा.

विंडोज उघडले की प्रथम टॅली वा अन्य हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. पुढचे सर्व त्यानंतर.

आता एएचसीआय हवेच असेल, कारण एसएसडीला तेच मानवते, तर क्रम उलटा धरावा. विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट या भागात ‘सेफ बूट’ आणि ‘मिनिमल’ यांवर खूण करावी. संगणक पुन्हा सुरू करून थेट बायोसमध्ये जावे व तेथे एएचसीआय निवडावे. सेफ मोडमध्ये उठताना विंडोज आवश्यक तो ड्रायव्हर स्वतः जागा करते. मग एमएसकॉन्फिगमधील ती खूण काढून संगणक पुन्हा चालू केला की काम झाले. विंडोज ८ पासून पुढे ही युक्ती चालते. विंडोज ७ असेल, तर रजिस्ट्रीत ‘एमएसएएचसीआय’ या सेवेचे ‘स्टार्ट’ मूल्य आधी ० करावे लागते. ते काम माहितगाराकडूनच करून घ्यावे. तसे पाहता विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे. त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे मला मुळीच पसंत नाही.

दोन गोष्टी आधी हाताशी ठेवाव्यात. सेफ मोडमध्ये काही वेळा चार आकडी पिन स्वीकारला जात नाही, तेव्हा खात्याचा मूळ पासवर्ड माहीत हवा. दुसरे असे की, नव्या लॅपटॉपांत बिटलॉकर अनेकदा चालूच असते. बायोसमध्ये काही बदलताच ते ४८ आकडी रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर डिस्क सुस्थितीत असूनही आपणांस परकी होते. बहुधा ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ते खाते मुलाच्या किंवा सोडून गेलेल्या मुनीमजींच्या नावे उघडलेले आहे काय, हे आजच पाहून ठेवावे.

कधी कधी कोणी काहीच बदललेले नसते, तरी तोच निळा पडदा येतो. चार दिवस दुकान बंद होते किंवा पावसाळ्यात वीज वारंवार गेली, एवढेच निमित्त. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा रुपयाच्या नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल असतो. काही वर्षांनी तो संपला की बायोस आपले स्मरण गमावते आणि साटा मोड कारखान्यातील मूळ स्थितीवर जातो. संगणकाचे घड्याळही मागे गेलेले दिसल्यास या सेलवर संशय घ्यावा. किरकोळ किमतीचा सेल बदलून मोड पूर्ववत केला की पुरे.

हिशेबाच्या प्रतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो. षट्खंडागमाच्या धवला टीकेची प्राचीन ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीच्या एकाच बसदीत होती. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या प्रती करविण्याचा ध्यास घेतला. पुढे १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड प्रकाशित केला. प्रत एकाच ठिकाणी असण्याचा धोका आपल्या पूर्वजांना असा पुरता उमगला होता.

वस्तू व सेवा कर कायदाही याच दिशेने बोलतो. कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात आणि नियम ५७ म्हणतो की, अपघाताने वा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी मुदतीत परत उभ्या करता याव्यात, अशी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवावी. “कारागिराने फॉरमॅट मारले” हे उत्तर अधिकाऱ्यासमोर टिकणार नाही.

संगणकाशेजारच्या खणात ठेवलेली पेनड्राइव्ह ही अर्धीच सोय होय. २६ जुलै २००५ रोजी उल्हास आणि वालधुनी या नद्यांचे पाणी आपल्या भागात शिरले, तेव्हा अशा खणाला आणि यंत्राला पाण्याने सारखेच गाठले असते. दुकान कॅम्पात व घर बदलापूरला असेल, तर एक प्रत घरी वरच्या कपाटात असावी. दर आठवड्याला ती बदलावी आणि तिमाहीतून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून शेवटचे बिल दिसते ना, हे पाहावे.