वाटेची मुभा मुक्कामाला लागू नाही

अमेरिकेत पिस्तुलाचा परवाना असलेली पुष्कळ माणसे परराज्यात मासेमारीला निघताना गळ आणि बर्फाच्या पेटीबरोबर पिस्तूलही गाडीत टाकतात. कोणी हटकलेच, तर उत्तर ठरलेले असते: ‘१९८६ चा फेडरल कायदा आहे, तो आपल्याला वाचवतो.’ या भरवशापायी सरळमार्गी माणसांना बेड्या पडल्या आहेत, म्हणून तो आधी खोडून काढला पाहिजे.

तो कायदा वाटसरूंना संरक्षण देतो आणि तेही अटींवर. जिथून निघालात आणि जिथे जाणार, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र जवळ बाळगणे तुमच्यासाठी कायदेशीर असले पाहिजे. पिस्तूल रिकामे हवे. ते आणि गोळ्या सहज हाताला लागता कामा नयेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी, आणि डॅशबोर्डचा खण पेटी म्हणून चालत नाही. आता ओहायोचा परवानाधारक व्हरमाँटला जाताना न्यूयॉर्क ओलांडत असेल, तर हे कलम त्याच्या कामाचे. पण तोच माणूस सॅमन धरायला न्यूयॉर्कमधल्या पुलास्कीला चालला असेल, तर न्यूयॉर्क हेच त्याचे मुक्कामाचे ठिकाण झाले. ते राज्य दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही. तिथे १९८६ चा कायदा त्याच्या पाठीशी नाही.

नुसता रात्रीचा मुक्कामही महागात पडतो. २००५ मध्ये यूटाच्या एका प्रवाशाचे नेवार्कला पुढचे विमान चुकले. पिस्तुलाची बॅग घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला आणि सकाळी विमानतळावर त्याने शस्त्र स्वतःहून जाहीर केले, तर अटक झाली. रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू नाही, असे अपील न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेल्या एका आईने न्यू जर्सीच्या पोलिसाला आपणहून पिस्तुलाची माहिती दिली. तिच्यावर सक्तीच्या तुरुंगवासाची वेळ आली आणि २०१५ मध्ये गव्हर्नरांनी माफी दिल्यावरच ते प्रकरण संपले. दोघांनीही काही लपवले नव्हते.

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे. गाडीचा परवाना सगळीकडे चालतो, मग हा का नको? प्रश्न रास्त आहे. तसे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूरही केले; सिनेटमध्ये ते अडले. माझ्या मते याचे उत्तर डेलावेअर नदीवर सापडते. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क यांच्या सीमेवरच्या त्या पाण्यात दोहोंपैकी कोणत्याही राज्याचा मासेमारीचा परवाना चालतो, कारण राज्यांनी तसे आपसांत ठरवले आहे. शस्त्रांबाबतही हाच रस्ता धरावा. प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी यांचे किमान निकष मिळून ठरवावेत आणि एकमेकांचे परवाने मानावेत. तोवर जे ठरलेलेच नाही ते ठरले आहे असे समजून वागणे हा हक्काचा लढा नव्हे.

‘मासे धरायला पिस्तूल कशाला?’ हा विरुद्ध बाजूचा सवालही मला पटत नाही. अलास्कात नदीकाठी अस्वल येते. फ्लोरिडाच्या कायद्याने तर मासेमारीला जाणाऱ्यासाठी जुनी सवलतच ठेवली आहे. मात्र अलास्कातल्या घटनांच्या २००८ च्या अभ्यासात अस्वलांवरचा मिरचीचा फवारा नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा उपयोगी पडल्याचे दिसले. विमानात तो नेता येत नाही, तिथे पोचल्यावर विकत घ्यावा लागतो. तरी पहिला भर त्यावरच असावा.

तिकडे नोकरीला असलेल्या आपल्या माणसांना वेगळे सांगायला हवे. एच-वन-बी व्हिसावरच्या व्यक्तीला फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर या मनाईला अपवाद होतो, मासेमारीचा परवाना त्यात मोडत नाही. बरोबरच्या मित्राने होडीत ‘जरा धर’ म्हणून पिस्तूल पुढे केले, तरी हात पुढे करू नका.

आणि ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी निघण्यापूर्वी मुक्कामाच्या राज्याच्या पोलीस खात्याचे किंवा ॲटर्नी जनरलचे नियम स्वतः वाचावेत. तुमचा परवाना तिथे चालत नसेल, तर पिस्तूल घरी कुलपात ठेवून जा.