विश्लेषण : वर्षाला ३० लाखांत चालणारा तृतीयपंथीयांचा दवाखाना बंद का पडतो?

हैदराबाद, कल्याण आणि पुणे. या तीन शहरांत ‘मित्र’ नावाचे दवाखाने सुरू होते. तृतीयपंथीयांसाठी चालवलेले आणि बव्हंशी याच समुदायातील डॉक्टर, समुपदेशक व कर्मचाऱ्यांनी सांभाळलेले. २०२५च्या सुरुवातीला तिन्ही बंद झाले. कारण ना रुग्णांची कमतरता होती, ना गैरव्यवहाराचा आरोप. पैसे अमेरिकेतून येत होते आणि अमेरिकेने हात आखडता घेतला, एवढेच.

या बातमीने तेव्हा समाजमाध्यमांवर दोन दिवस वाद रंगला. ‘अमेरिकी करदात्यांचा पैसा भारतात कशाला?’ असा तिकडचा सूर, तर ‘परदेशी पैशाची गरजच काय?’ असा इकडचा. दोन्ही बाजूंच्या गोंगाटात खरा प्रश्न बाजूलाच राहिला. इतका छोटा खर्च भागवायला देशात कुणीच का नव्हते?

नेमके काय घडले?

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी शपथ घेतली आणि त्याच दिवशी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश काढला. अमेरिकी सरकारची मदत ‘यूएसएड’ या संस्थेमार्फत जगभर जात असे. पुढे १ जुलै २०२५ रोजी ही संस्थाच अधिकृतपणे मोडीत निघाली. ‘मित्र’ दवाखान्यांचा खर्च याच मदतीतून, एड्सविरोधी कार्यक्रमाखाली होत होता. हैदराबादचा दवाखाना २०२१ मध्ये सुरू झाला. तृतीयपंथीयांसाठीचा देशातील पहिला दवाखाना म्हणून त्याची ओळख होती.

इथे एचआयव्हीची तपासणी आणि उपचार होत, तसेच हार्मोन उपचारांबाबत सल्ला, मानसिक समुपदेशन आणि कायदेशीर मदतही मिळे. तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे ५ हजार लोकांना सेवा मिळत होती. ‘रॉयटर्स’ वृत्तसंस्थेने तेव्हा दिलेल्या बातमीनुसार एका दवाखान्याचा वर्षाचा खर्च जास्तीत जास्त ३० लाख रुपये आणि कर्मचारी साधारण आठ. कल्याण-डोंबिवलीत बऱ्यापैकी वन-बीएचके घ्यायचा तर याहून जास्त रक्कम मोजावी लागते.

सरकारी रुग्णालये असताना वेगळा दवाखाना कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. एचआयव्हीची औषधे सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळतात आणि ती व्यवस्था देशभर पोहोचलेली आहे. पण औषध मोफत असणे आणि माणूस औषधापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केसपेपरवर नाव एक, समोर उभी व्यक्ती दुसरीच दिसते, म्हणून खिडकीवर चारचौघांत होणारी विचारपूस. रांग पुरुषांची की स्त्रियांची, वॉर्ड कोणता, हा घोळ. अशा अनुभवानंतर माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

याची किंमत आकड्यांत दिसते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे ‘नॅको’च्या अंदाजांनुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, तर तृतीयपंथीयांमध्ये ते ३ टक्क्यांहून अधिक. दारात आपल्यासारखेच कुणी बसलेले असेल, तर आत जाण्याचे धाडस होते. ‘मित्र’चे खरे काम हेच होते.

पैसा आजारासाठी आला, माणसासाठी नाही

भारतात समलिंगी आणि तृतीयपंथी समुदायासाठीच्या कामाला पैसा आला तो प्रामुख्याने एड्सच्या दारातून. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांनी ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन केला, तो काळ एड्सच्या भीतीचा होता. पुढे २००३ मध्ये बिल गेट्स यांच्या फाउंडेशनने ‘आवाहन’ हा मोठा एचआयव्ही प्रतिबंधक कार्यक्रम महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू केला. ‘नॅको’नेही समुदायातील संस्थांना सोबत घेऊन काम उभारले. या पैशाने हजारो जीव वाचले, यात शंका नाही.

हक्कांची लढाईही याच वाटेने पुढे आली. २००१ मध्ये लखनऊत एड्सविषयी जनजागृती करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच अटक झाली. त्याच वर्षी एचआयव्हीवर काम करणाऱ्या ‘नाझ फाउंडेशन’ने कलम ३७७ विरोधात दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. हे कलम रुग्णांना लपायला भाग पाडते आणि त्यामुळे रोगाशी लढताच येत नाही, असा एक मुद्दा त्यात होता. पुढे ‘नॅको’नेही न्यायालयात तशीच भूमिका मांडली. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.

पण या व्यवस्थेत एक खोट होती. निधी मोजला जायचा तो तपासण्या किती झाल्या, कंडोम किती वाटले, यावर. घरातून हाकललेल्या १७ वर्षांच्या मुलाला रात्री कुठे ठेवायचे, आधार कार्डावरील नाव बदलण्यासाठी कुणाला सोबत पाठवायचे, पोलीस चौकीत वकील कोण नेणार, यासाठी खर्चाचे खातेच नव्हते. माणूस ‘जोखमीचा गट’ म्हणून अनुदानास पात्र ठरला, नागरिक म्हणून नाही. आजाराचे अनुदान आटले की त्याच्या आडोशाने चाललेली बाकीची कामेही बंद पडतात. ‘मित्र’च्या बाबतीत तेच झाले.

परदेशी पैशाचा नियम काय सांगतो?

परदेशी देणग्यांचे नियमन एफसीआरए कायद्याने होते. त्यात २०२० मध्ये मोठे बदल झाले. परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येणार नाही, असा नियम आला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैसे घेण्यासाठी दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेत खाते सक्तीचे झाले.

परदेशी पैशावर देखरेख हवीच, त्यात गैर काही नाही. मात्र याचा फटका कुणाला बसला ते पाहायला हवे. पूर्वी मुंबई-दिल्लीतील मोठी संस्था निधी मिळवायची आणि त्यातला वाटा लहान शहरांतील समुदायाच्या गटांना द्यायची. या गटांकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी नसते. तिच्यासाठी साधारण तीन वर्षांचे काम आणि त्या काळात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० नंतर ही साखळी तुटली. पैसा महानगरात अडकला आणि जिल्ह्याच्या गावातील गट कोरडा राहिला.

मग देशातील कंपन्यांचा पैसा कुठे जातो?

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. हाच सीएसआर निधी. गेल्या काही वर्षांत तो वर्षाला २५ हजार कोटींच्या वर गेला आहे.

तो कशावर खर्चायचा याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, आरोग्य, शिक्षण, लिंगसमानता, सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागासांमधील विषमता कमी करणे वगैरे. यादीचा अर्थ उदारपणे लावावा, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितले आहे. म्हणजे तृतीयपंथीयांच्या आरोग्यावर सीएसआर निधी खर्च करण्यास कायद्याची आडकाठी नाही. पण यादीत ‘तृतीयपंथी’ हा शब्द नाही आणि वार्षिक अहवालात शाळेची रंगवलेली भिंत, झाडे, टॅब वाटप यांचे फोटो निर्धोक असतात. संचालक मंडळाला वाद नको असतो.

दुसरी अडचण पात्रतेची. सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेकडे आयकर खात्याच्या १२-ए आणि ८०-जी नोंदण्या, तसेच साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. ज्यांना भाड्याने जागा मिळत नाही, ज्यांच्या पॅन आणि आधारवरील नावे जुळत नाहीत, त्यांनी कार्यालयाचा पत्ता, विश्वस्तांची कागदपत्रे आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण कुठून आणायचे? निकष सर्वांना सारखे आहेत, सुरुवातीची रेषा मात्र सारखी नाही.

जून महिन्यात अनेक कंपन्यांचे लोगो इंद्रधनुषी होतात. कार्यालयात केक कापला जातो, चर्चासत्र होते. ते वाईट नाही. आपल्याला इथे नोकरी मिळू शकते, असा संदेश त्यातून जातो. परंतु केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च नियमानुसार सीएसआरमध्ये धरता येत नाही. शिवाय त्या केकने कल्याणच्या दवाखान्याचे भाडे भरले जात नाही.

सरकार काय करते?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि त्यांच्यासाठी कल्याणकारी योजना आखायला सांगितले. २०१९ मध्ये कायदा झाला. केंद्राने २०२२ मध्ये ‘स्माइल’ योजना आणली. त्यात ‘गरिमा गृह’ नावाची निवारागृहे, शिष्यवृत्ती आणि कौशल्य प्रशिक्षण आहे. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी तरतूद ३६५ कोटींची, आणि त्यात भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाचाही वाटा आहे.

साधे गणित करू. २०११च्या जनगणनेत ४ लाख ८८ हजारांच्या आसपास लोकांची नोंद स्त्री-पुरुषांव्यतिरिक्त ‘इतर’ अशी झाली. यातील महाराष्ट्रातील सुमारे ४१ हजार. सगळे ३६५ कोटी केवळ त्यांच्यासाठीच आहेत असे धरले, तरी माणशी वर्षाला १,५०० रुपयेही पुरते होत नाहीत. प्रत्यक्षातील संख्या जनगणनेपेक्षा मोठी असल्याचे कार्यकर्ते सांगतात. तसे असेल तर वाटा आणखी घटतो. महाराष्ट्रात तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ आहे, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने धोरणही मंजूर केले. आता त्याला स्वतंत्र आणि वेळेवर येणाऱ्या पैशाची जोड लागेल.

‘आधी भुकेल्यांना द्या, मग यांना’ हा आक्षेप

देणगीचा विषय निघाला की हा आक्षेप हमखास येतो. त्यात गृहीत असे असते की भुकेले वेगळे आणि तृतीयपंथी वेगळे. घर सुटले, शाळा सुटली, नोकरी मिळत नाही, म्हणून सिग्नलवर टाळी वाजवणारी व्यक्ती भुकेल्यांच्या यादीत नाही का? २०११च्या जनगणनेत देशातील साक्षरता ७४ टक्के होती, ‘इतर’ गटात सुमारे ५६ टक्के.

परदेशी पैशातून परदेशी विचार येतात, असाही आक्षेप आहे. तो मनापासून असेल, तर त्याचे उत्तर देशी पैसा हेच. परदेशी निधी नको आणि देशी निधीही देणार नाही, असे म्हणणाऱ्याचा आक्षेप पैशाला नसतो, माणसांना असतो.

उपाय अशक्य आहे का?

हैदराबादने उत्तर दाखवून दिले. तिथला दवाखाना काही महिन्यांतच टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा उघडला. एका देशी दात्याने ठरवले आणि दार उघडले. पण एका दात्याच्या जागी दुसरा एकच दाता, ही पक्की व्यवस्था नव्हे. एका खांबावर उभा मांडव तो खांब निघाला की कोसळतो. खांब अमेरिकी होता की भारतीय, याने फरक पडत नाही.

‘आवाहन’चा अनुभव इथे उपयोगी आहे. त्या कार्यक्रमाने बाहेर पडण्याआधी काही वर्षे घेतली, टप्प्याटप्प्याने काम सरकारकडे सोपवले आणि सेवा सुरू राहिल्या. ‘मित्र’ला तेवढा वेळ मिळाला नाही. दाता निघून जाणार हे ठरलेलेच असते. तो कसा निघतो यावर सारे अवलंबून असते.

म्हणून तीन गोष्टी करता येतील. पहिली, सातव्या परिशिष्टात तृतीयपंथीयांचा स्पष्ट उल्लेख. त्याने सरकारचा एक रुपयाही खर्च होत नाही, पण संचालक मंडळांची भीती जाते. दुसरी, कंपन्यांनी एका वर्षाच्या कार्यक्रमाऐवजी किमान तीन वर्षांचे भाडे आणि पगार द्यावेत, आणि लहान गटांना हिशेब व नोंदणीसाठी मदत करावी. तिसरी, दात्यांनी मिळून कायम निधी उभारावा. साडेचार कोटी रुपये ७ टक्के व्याजाने ठेवले, तर वर्षाला साडेएकतीस लाख मिळतात. महागाईसाठी त्यात अधूनमधून भर घालावी लागेल, पण कुठल्या देशात कोण निवडून आले यावर दवाखाना अवलंबून राहणार नाही.

सामान्य वाचकालाही वाटा उचलता येतो. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना ८०-जी नोंदणी असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते. देताना ‘कार्यक्रमासाठी’ अशी अट न घालता ‘भाड्यासाठी’, ‘पगारासाठी’ असे म्हटले, तर संस्थेला ते पैसे अधिक उपयोगी पडतात.

५ हजार लोकांना सेवा देणारे दवाखाने दूरच्या एका सहीने बंद झाले, याचा राग अमेरिकेवर काढणे सोपे आहे. पण ती सही होईपर्यंत कल्याण आणि पुण्यातील या लोकांचे बिल आपण वॉशिंग्टनला पाठवत होतो आणि ते आपल्याला खटकलेही नव्हते.