संगणकाने पाण्याला का भ्यावे?

दूध लवकर निवावे म्हणून आई पातेले पंख्याखाली ठेवीत नाही. परातीत गार पाणी घेते आणि पातेले त्यात ठेवते. हवेपेक्षा पाणी उष्णता झटपट ओढून घेते, हे ज्ञान आपल्या स्वयंपाकघरात फार जुने आहे. मग लाखो रुपयांच्या संगणकांना आपण इतकी वर्षे वारा का घालीत बसलो? ‘वीज आणि पाणी एकत्र आले की घात’, हे त्याचे सरळ उत्तर. ते खोटे नाही; पण माझ्या मते अपुरे आहे, आणि यापुढे त्यावर विसंबून भागणारही नाही.

का, ते हिशेबानेच पाहू. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी वापरली जाणारी आजची एक मोठी चिप सुमारे १००० वॉट वीज घेते, आणि त्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता होते. म्हणजे एका इस्त्रीची उष्णता, तीही तळहाताहून लहान जागेत! ही उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे ठरविले, तर दर मिनिटाला सुमारे ५००० लिटर हवा चिपवरून गेली पाहिजे. तेच काम पाणी मिनिटाला दीड लिटरात उरकते. (विशिष्ट उष्मा आणि घनता यांचे आकडे तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत, गणित स्वतः करून पाहा.) अशा ७२ चिप्स आणि त्यांचे साथीदार भाग एका कपाटात बसविले, की त्या एका कपाटाची उष्णता सुमारे १२० किलोवॉट भरते. घरगुती २ किलोवॉटचे ६० गीझर एका कपाटात कोंडल्यासारखेच हे झाले. तेथे वाऱ्याचे काम नाही.

तेव्हा द्रव हवाच. खरा प्रश्न आहे तो भरवशाचा, आणि येथे आपण चुकीच्या माणसांचे कौतुक करतो असे मला वाटते. संगणक सेकंदाला किती आकडेमोड करतो हे सगळे विचारतात. त्याच्या नळ्यांचे सांधे कोणी जोडले, हे कोणी विचारीत नाही.

१९७६ सालचा क्रे-१ हा महासंगणक आठवा. त्याच्या चौकटीतून फ्रिऑन हे शीतद्रव्य फिरविले जाई. पण फ्रिऑनबरोबर फिरणारे वंगणतेल सांध्यांतून झिरपे, मंडलांच्या पट्ट्यांवर त्याचा थर बसे आणि शेवटी मंडल ‘शॉर्ट’ होई. पहिले यंत्र त्यामुळे सुमारे सहा महिने रखडले. त्या काळचा जगातला अत्यंत वेगवान संगणक अडला होता तो गणितापाशी नव्हे, तर वेल्डिंगपाशी! वेल्डिंगची नवी रीत सापडली तेव्हा गाडे पुढे सरकले. पुढे १९८५ सालच्या क्रे-२ मध्ये मंडलेच वीज न वाहणाऱ्या फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडविली होती. युक्ती झकास, पण अशी फ्लुओरीनयुक्त रसायने निसर्गात लवकर नष्ट होत नाहीत, आणि ती बनविणाऱ्या ३एम कंपनीने २०२२ साली हे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. म्हणून आपले साधे पाणीच पुन्हा पुढे आले आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही उष्णता द्रवानेच काढून नेली जाते.

आता पाणी चिपला शिवत नाही. चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवितात. त्याच्या आत केसाएवढ्या रुंदीच्या खाचा असतात आणि त्यांतून पाणी वाहते. या खाचांतच सगळी मेख आहे. पाण्यात शेवाळ किंवा जंतू वाढले, गाळणीतून कचरा निसटला, तर खाचा तुंबतात. एकाच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम दोन्ही आले तर विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. नववी-दहावीच्या रसायनशास्त्राबाहेरचे यात काहीच नाही. म्हणून पाण्यात जंतुरोधक आणि गंजरोधक द्रव्ये घालतात, आणि ठराविक मुदतीने त्या पाण्याची तपासणी करतात. ही तपासणी करणाऱ्या माणसाचा फोटो कोठे छापून आल्याचे मला आठवत नाही.

गळतीवर एक सुंदर उपाय आहे. नळीतील पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी ठेवायचा. मग नळीला भोक पडले तरी पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. शहाळ्याच्या नळीला चीर पडली की तोंडात पाण्याऐवजी हवा येते, तसेच.

पंपच थांबला तर? तांब्याचा ठोकळा अर्धा किलोचा धरा. तांब्याचा विशिष्ट उष्मा ग्रॅमला सुमारे ०·३९ ज्यूल. १००० वॉटने तो सेकंदाला साधारण ५ अंश तापेल; म्हणजे ४० अंश चढायला जेमतेम आठ सेकंद! चिप स्वतःला बंद करून घेईल आणि बहुधा वाचेल, पण तिच्यावर चाललेले काम बुडेल. १९ जुलै २०२२ रोजी लंडनचा पारा ४० अंशांवर गेला, तेव्हा तेथील दोन मोठ्या रुग्णालयांच्या संगणककेंद्रांची शीतनव्यवस्था कोलमडली. ती नळ्यांची व्यवस्था नव्हती, हे खरे. पण डॉक्टरांना कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी कागदावर ठेवाव्या लागल्या. शीतन म्हणजे संगणकाचा दुय्यम भाग, असे त्यानंतर तरी कोणी म्हणू नये.

एक आक्षेप मात्र मी मानतो : पाणी आणायचे कोठून? नळ्यांत फिरणारे पाणी तेच ते असते, ते संपत नाही. संपते ते गच्चीवरच्या शीतनमनोऱ्यात वाफ होऊन जाणारे. १ मेगावॉट उष्णता केवळ बाष्पीभवनाने घालवायची, तर दिवसाला सुमारे ३६,००० लिटर पाणी उडून जाईल. दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर समजा. जर्मनीत म्युनिकजवळ गार्खिंग येथे २०१२ साली सुरू झालेल्या सुपरमुक या महासंगणकाला ४० अंशांच्या आसपासचे कोमट पाणी पुरविले जाई. कोमट पाणी बाहेरच्या हवेनेच निवविता येते, वाफ करावी लागत नाही. हिवाळ्यात त्यावर इमारतीही गरम ठेवता येतात. पण नागपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. तेथे ती ४० अंशांचे पाणी कसे निवविणार? उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, उलट नाही. परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलणाऱ्यांना हे सांगावे लागते, याचे नवल वाटते.

शाळेची सहल एखाद्या संगणककेंद्रात गेली, तर वेगाचे आकडे पाठ करून येऊ नका. पंप किती आहेत, एक बंद पडला तर दुसरा किती सेकंदांत चालू होतो, पाणी शेवटचे कधी तपासले, आणि उन्हाळ्यात रोज किती टँकर लागतात, एवढे विचारा. शिक्षकांनीही मग मुलांना पंप ठेवलेल्या तळघरात नेण्याचा आग्रह धरावा.