दुसऱ्या तासाला फाइल उघडा

पायथनचा पहिला तास बहुधा तीन बाणांच्या प्रॉम्प्टवर सुरू होतो. २ + ३ टाइप करा, एंटर दाबा, ५ हजर! शिकणाऱ्याची भीड चेपते, हे खरंच. पण पुढचे तासही तिथेच रेंगाळले की खोड लागते. प्रोग्राम म्हणजे ठरलेल्या क्रमाने, पहिल्या ओळीपासून चालणारी गोष्ट; प्रॉम्प्टला मात्र मागचं सगळं आठवत असतं. एक ते दहाची बेरीज घ्या. ‘बेरीज’ला शून्य दिलं, लूप चालवला, ५५ आले. छापायचं काहीतरी राहिलं म्हणून नुसता लूप पुन्हा चालवला, तर ११०. लूप बरोबर, उत्तर चूक, आणि नवशिक्या नको तिथे दोष शोधत बसतो. हेच फाइलमध्ये लिहिलं असतं तर दर वेळी सुरुवात कोरीच झाली असती. म्हणून फाइलमध्ये अनेक ओळी लिहून चालवणं दुसऱ्याच तासाला शिकवावं, असं माझं मत आहे.

जुन्या भाषांत हा फरक आपसूक कळे. केमेनी आणि कर्ट्झ या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात नवशिक्यांसाठी बेसिक ही भाषा घडवली. तिच्यात ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक असत. मध्ये ओळ विसरली तर १५ घालायची सोय. पुढे १९८४ च्या सुमारास संगणक साक्षरतेच्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्या शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांच्यावरच्या बेसिकमध्ये क्रमांक घालून लिहिलेली ओळ प्रोग्रामात जमा होई, बिनक्रमांकाची लगेच चाले, आणि ‘रन’ म्हटलं की बहुतेक जुन्या किमती पुसल्या जात. आज्ञा आणि प्रोग्राम यांतला फरक त्या पोरांना पडद्यावरच दिसायचा.

फाइल म्हटलं की नाव, फोल्डर, सेव्ह अशी कटकट आली, हा आक्षेप रास्तच. पडद्यावरच्या कासवाकडून चित्रं काढून घ्यायला निघालेल्याने फाइललाच ‘टर्टल’ नाव दिलं, तर पायथन खरं टर्टल मॉड्यूल सोडून तीच फाइल उचलते आणि सगळं बिनसतं. पण ही कटकट आज ना उद्या येणारच. पायथनसोबत येणाऱ्या आयडल या संपादकात नवी फाइल उघडून एफ-५ दाबायला फार शिकावं लागत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून प्रॉम्प्टवरही अनेक ओळींचा मजकूर नीट दुरुस्त करता येतो, असं कुणी म्हणेल. येतो, पण प्रॉम्प्टची आठवण पुसली जात नाही. एआयच प्रोग्राम लिहून देईल, मग हे शिकायचं कशाला, असंही कुणी विचारेल. देईलही. पण तो प्रोग्राम अडला तर चूक कितव्या ओळीत आहे हे वाचायला कुणीतरी लागेलच. प्रॉम्प्ट हवा तो शंकेपुरता: रेंज १ ते १० दिली तर शेवटचा आकडा ९ का, हे तिथे पटकन तपासावं आणि फाइलकडे वळावं. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये चालणारा प्रोग्राम पेनाने उतरवून घेण्यापेक्षा मुलांना दहा ओळींची बिघडलेली फाइल द्यावी आणि दुरुस्त करून चालवलेलीच तपासावी.