वाटी घेऊन पळणाऱ्यांनो, जरा थांबा!



संध्याकाळी सहाच्या सुमारास आपल्या लोकांच्या कोणत्याही सोसायटीच्या जिन्यात उभ्या राहा. सूर्यास्ताच्या आत पोरांची पोटं भरायची म्हणून प्रत्येक मजल्यावर धावपळ. आई वाटी घेऊन, आजी पेला घेऊन, आजोबा मोबाइल धरून. मधोमध अडीच वर्षांचा नातू, गालात भात धरून बसलेला. गिळत नाही, थुंकत नाही. मुदत ठेवच ती!

हसू येतं खरं, पण हा प्रकार बंद झाला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

"आमचा काहीच खात नाही हो!" मी कॉमर्सवाली, आधी हिशेब बघते. सकाळी दूध, दहाला बिस्किटं, अकराला राजगिऱ्याचा लाडू, बाराला "उपाशी आहे बिचारा" म्हणून केळं. किरकोळ खात्यातच पोट भरलं, मग जेवणाच्या खात्यात शून्य दिसणारच.

दुसरा हिशेब. तीन किलोचं बाळ पहिल्या वर्षात नऊ किलोच्या आसपास जातं. दुसऱ्या वर्षात वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढ मंदावली की भूकही मंदावते. पोराच्या पोटाला हे कळतं, आपल्याला कळत नाही.

मुनीमहाराज आहाराला येतात तेव्हा आपण काय करतो? शुद्ध आहार बनवतो, वेळ पाळतो, अंजलीत घास देतो. किती घ्यायचं ते महाराज ठरवतात. अंजली सुटली की आहार संपला. "महाराज, एकच घास, चिऊचा!" म्हणत कोणी मागे धावतं का? घासात केस निघाला तर अंतराय, तोही आपण हात जोडून मान्य करतो. पोराला पोह्यात कोथिंबीर दिसली तर मात्र त्याचा अंतराय आपल्याला मान्य नाही! मुलांची बरोबरी महाराजांशी नाही, पण वाढणाऱ्या आपण त्याच ना?

ऊनोदर हे आपल्या बारा तपांपैकी एक. पोटात थोडी जागा ठेवून उठायचं. आणि त्याच घरात "पोट भरलं" म्हणणाऱ्या पोराच्या तोंडात आपण चमचा कोंबतो. वीस वर्षांनी त्यालाच सांगणार, "जिभेवर ताबा ठेव."

वर धाक, "ताटात टाकलंस तर पाप लागेल!" अहो, अडीच वर्षांच्या पोटासमोर मोठ्या माणसाचं ताट वाढलं कोणी? दोन चमचेच वाढा, हवं तर मागेल. धर्माची पहिली ओळख पोराला ताटावरच्या धमकीतून व्हावी, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

"आणि रात्री भूक लागली तर?" नियम घेईल त्याचा असतो, त्या पोराने अजून घेतलेला नाही. कपभर दूध द्या, गाजावाजा करू नका. वजन घटत असेल, मूल मलूल दिसत असेल, तर डॉक्टरांकडे न्या. बाकी चारनंतर पाण्याशिवाय काही देऊ नका, सहाला सगळ्यांबरोबर पाटावर बसवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि अर्ध्या तासाने ताट न बोलता उचला.

काय आणि केव्हा, हे घराने ठरवावं. किती, हे त्याच्या पोटाने.